जिन्यात खाल्लेले पफ

मायक्रोवेव्हमध्ये पफ फुलत नाही, ही गोष्ट अक्षता तावडेला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कळली. बारा त्रिकोण आत गेले आणि बारा ओल्या चिंध्या बाहेर आल्या. चीज थाळीला असं चिकटलं की खरवडताना तिचं नख मोडलं. आईच्या पार्टीला महिना उरला होता, आणि पफ मी घरीच करणार, कुणी मध्ये पडायचं नाही, असं तिने मोठ्या तोऱ्यात जाहीर करून टाकलं होतं.

म्हणून पफच्या तयार शीटचं उरलेलं पाकीट स्टीलच्या डब्यात घालून ती कांजूर गावातल्या बेकरीत गेली. ऑक्टोबरचा रविवार, सकाळचे अकरा, आणि ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. भट्टीत एक ट्रे सरकवू द्या, एवढंच तिचं मागणं होतं. बेकरीवाल्याने उघड्या डब्यात डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. आत पाव आहेत, मग टोस्ट, मग खारी, असं त्याने हातानेच सांगितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. पुढचं गिऱ्हाईक म्हणजे लादीपावासाठी उभा असलेला एक उंच, सावळा, दोन दिवसांची दाढी वाढलेला तरुण. तो पावाकडे न बघता तिच्या डब्यात बघत होता.

"शीट वितळतेय," तो म्हणाला.

"दिसतंय मला."

"अजून दहा मिनिटं अशीच धरून उभी राहिलीस तर पफ नाही, पोळी होईल."

"तुला काय कळतं रे त्यातलं?"

"मला नाही. आईला कळायचं." तो जरा थांबला. "तिचा ओव्हन आहे घरी. आठ महिने कुणी लावला नाहीये, पण... चालेल बहुतेक."

तेव्हा कुठे तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिच्याच बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरचा सम्यक शेजवळ. ती पहिल्या मजल्यावर, तो तिसऱ्या, आणि अकरा वर्षं एकाच जिन्याने चढउतार करून दोघांची ओळख मान हलवण्यापलीकडे गेली नव्हती. त्याची आई जयाकाकू घरून केक-पफच्या ऑर्डरी घ्यायची. फेब्रुवारीत मेंदूत रक्तस्राव होऊन ती दोन दिवसांत गेली. वडील जालन्याकडे गावी जाऊन राहिले, आणि सम्यक एकटा उरला. या ओळखीत आणखी एक गोष्ट होती. ती अक्षताला माहीत होती, सम्यकला नव्हती. ती पुढे येईलच.

तिसऱ्या मजल्यावर, त्याच्या स्वयंपाकघरात, ओव्हन फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेला होता. सम्यकने कापड काढलं, दार उघडलं आणि तसाच उभा राहिला. आत शेवटच्या ट्रेवरचा कागद होता, कडेला करपलेला, त्यावर चार-दोन चुरे. अक्षताने सिंकमधली भांडी घासायला घेतली. बऱ्याच वेळाने मागून कागदाचा आवाज आला. त्याने तो घडी घालून खिडकीच्या कठड्यावर ठेवला, टाकून दिला नाही.

मग त्याने तिला आईची पद्धत सांगितली. शीट फ्रीजमधून काढली की गप्पा मारायच्या नाहीत, हात चालवायचे. सुरी एकदाच दाबायची, करवतीसारखी चालवायची नाही, नाहीतर कडेचे पदर एकमेकांना चिकटतात. आत किसलेलं चीज, मिरी, बारीक चिरलेली हिरवी मिरची, बस्स. वरून दूध लावायचं, पण ते कापलेल्या कडेवर ओघळू द्यायचं नाही. पुन्हा दहा मिनिटं फ्रीजमध्ये, मग ओव्हनमध्ये, आणि वीस मिनिटं दार उघडायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

"मला नाही होत मोह," अक्षता म्हणाली.

"बरं आहे तुझं," तो म्हणाला आणि फोनवर वेळ लावून जमिनीवर ओव्हनसमोर बसला.

पफ फुलले. पदर न् पदर सुटा, वरून सोनेरी, आतलं चीज कडेने थोडं बाहेर येऊन खरपूस झालेलं. पहिला घास घेताना अक्षताने डोळे मिटले, ते आवश्यकतेपेक्षा जरा जास्त वेळ मिटलेले राहिले. काय झालं, त्याने विचारलं. चटका बसला, ती म्हणाली.

सराव हवा म्हणून ती पुढच्या रविवारी आली. चीजच्या पिळाच्या कांड्या शिकायच्या राहिल्या म्हणून त्याच्या पुढच्या. संध्याकाळी वारा फिरला की डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास यायचा, मग खिडक्या लावून घ्याव्या लागायच्या आणि त्या भट्टी झालेल्या स्वयंपाकघरात दोघं घामाघूम होऊन कांड्या पिळत बसायची. सम्यक मेट्रोच्या कारशेडमध्ये ब्रेक तपासायच्या कामावर होता. तुझ्या हातावर हजारो माणसांचा जीव असतो म्हणजे, ती एकदा म्हणाली. त्यावर तो म्हणाला, गाडी थांबवता येते मला, बाकी काही थांबवता येत नाही. आईबद्दल तो एवढंच बोलायचा, असं कडेकडेने.

एकदा तापल्या ट्रेला तिचं बोट लागलं. त्याने ते नळाखाली धरलं. नळ बंद झाला, बोट तिथेच राहिलं.

"सोड आता," ती म्हणाली.

"दुखतंय ना?"

"नाही."

"मग काय घाई आहे?"

तिला काही घाई नव्हती. तिचं त्याच्यावर प्रेम जडलं होतं, हे तिला त्याच क्षणी स्वच्छ कळलं, आणि कळताक्षणी तिने बोट सोडवून घेतलं. कारण खाली, पहिल्या मजल्यावर, आईने विचारलं होतं की पफ भाजतेस कुठे, आणि अक्षताने सांगितलं होतं, बेकरीत.

सुनंदा तावडे पालिकेच्या प्रसूतिगृहात तेहतीस वर्षं परिचारिका होती. कुणाकुणाची बाळंतपणं तिने हातांनी केली, जात विचारली नाही, रात्र-दिवस पाहिला नाही. तिच्या निवृत्तीची पार्टी होती ती. मात्र घरी आल्यावर सुनंदाच्या मनात कुठलेकुठले कप्पे होते, आणि त्यांतला एक तिसऱ्या मजल्याचा होता. ती कधी वाईट बोलली नाही. शेजवळांशी जिन्यात हसून बोलायची. फक्त त्यांच्या घरचं तिने कधी तोंडात घातलं नाही.

तिसऱ्या रविवारी सम्यकने विचारलं, पार्टी किती वाजता, आणि मी शर्ट कुठला घालू. चेष्टेत विचारलं होतं, पण उत्तरासाठी थांबला होता. अक्षता म्हणाली, "बघू... अजून ठरतंय." त्याने मान हलवली. मग चीज किसता किसता त्याने एक गोष्ट सांगितली, हसत हसत.

ते इथे राहायला आले तेव्हाची. स्वतःचं घर झाल्याच्या आनंदात जयाने ऐंशी चीज पफ केले आणि चौदा घरांना बोलावलं. मोठं माणूस एकही आलं नाही. एकेक करून मुलं वर आली, आईचा उपवास आहे म्हणून सांगायला. जयाने प्रत्येकाच्या हातात कागदी नॅपकिनमध्ये दोन-दोन पफ ठेवले. सगळी गेल्यावर तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून पाहिलं, तर साधा बुधवार. एवढी देवभोळी बिल्डिंग अख्ख्या मुंबईत नसेल, असं म्हणून ती खूप हसली. उरलेले पफ त्या तिघांनी तीन दिवस खाल्ले. पुढे तिने ठाण्यापासून पवईपर्यंत ऑर्डरी केल्या, पण बिल्डिंगमध्ये पुन्हा कुणाला बोलावलं नाही.

"तू कुठे होतास तेव्हा?" अक्षताने विचारलं. स्वतःचा आवाज तिला परका वाटला.

"क्लासला. आल्यावर बघितलं तर आई कॅलेंडर मांडीवर घेऊन बसलेली."

तो आठवडा अक्षताने कसा काढला ते तिचं तिला माहीत. ठाण्याच्या ऑफिसात विम्याचे अर्ज तपासताना तिने एका जिवंत माणसाला मृत लिहून टाकलं. चौथ्या रविवारी ती वर आली ती ठरवूनच. सम्यक शीट कापत होता.

"त्या मुलांत मी होते," ती म्हणाली.

सुरी थांबली.

"आईने सांगितलं, वर जा आणि उपवास आहे म्हण. खोटं आहे ते माहीत होतं मला. दुपारीच बांगडे खाल्ले होते आम्ही. सोळा वर्षांची होते मी, सम्यक, लहान नव्हते."

त्याने कापलेला तुकडा बाजूला सारला. मग विचारलं, "पफ काय केलेस?"

"खाल्ले. दोन्ही. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात उभी राहून. मग तोंड पुसलं आणि घरी गेले. आईला सांगितलं, घेतलेच नाहीत." तिने ओव्हनकडे पाहिलं. "तेवढं चांगलं मी कधी काही खाल्लं नव्हतं. म्हणून तर पार्टीला पफ..."

"आणि आता काय करतेस?" त्याने सुरी खाली ठेवली. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागत होतं. "महिना झाला, इथे येतेस, खातेस, हसतेस. आणि खाली जाताना दारात तोंड पुसतेस. बघितलंय मी."

"सम्यक..."

"आईशी भांडून ये म्हणत नाही मी. पण मला जिन्यातलं प्रेम नको, अक्षता."

प्रेम हा शब्द दोघांत पहिल्यांदा उच्चारला गेला तो असा. खरं तर इथे अक्षताने म्हणायला हवं होतं की रविवारी सहा वाजता ये, पार्टीला ये. एवढंच. पण आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला, ते चौदा दरवाजे आले. ती खाली गेली. त्या दिवशी तिने तोंड पुसलं नाही, कारण काही खाल्लंच नव्हतं.

पुढचे सात दिवस कसलाही फोन नाही, मेसेज नाही. जिन्यात पावलं वाजली की ती दाराशी जायची आणि परत यायची. पार्टी रद्द करता येत नव्हती, पफ रद्द करता आले असते. दुसरं काही मागवायला दोनदा तिने हॉटेलला फोन लावून कट केला. रविवारी दुपारी दोन वाजता शीटची पाकिटं घेऊन ती वर गेली, दार उघडणार नाही असं धरूनच.

दार उघडलं. ओव्हन आधीच तापत होता.

"ऑर्डर घेतली की पुरी करायची, असं आई म्हणायची," तो म्हणाला, आणि त्यानंतर जवळपास तीन तास दोघं कामापुरतंच बोलली. दूध दे, ट्रे धर, सरक. नव्वद पफ झाले, दोन डबे कांड्या झाल्या. त्याने ट्रेवर स्वच्छ पांढरं कापड घातलं आणि तिच्याबरोबर उचलून आपल्या उंबरठ्यापर्यंत आणले. उंबरठ्याबाहेर तो आला नाही. अक्षताने तीन खेपा केल्या, आणि तिसऱ्या खेपेला त्याचं दार लागलेलं होतं.

पार्टी झकास चालली होती. प्रसूतिगृहातल्या सिस्टर आल्या होत्या, आया आल्या होत्या, बिल्डिंगमधली माणसं आली होती. सुनंदाने मोतिया रंगाची साडी नेसली होती आणि ती पोरीसारखी हसत होती. अक्षताचे वडील नंदकुमार शरबताचे ग्लास फिरवत होते. पफवर नुसती झडप पडली. सुनंदाने स्वतः दोन खाल्ले, उभ्या उभ्या, आणि बोटंही चाटली.

"कुठल्या बेकरीतले गं हे?" दुसऱ्या मजल्यावरच्या मांजरेकर काकूंनी विचारलं.

"अक्षता, बेकरीचं नाव सांग गं काकूंना," सुनंदा म्हणाली.

हातात ट्रे होता. नाव काय, कुठलंही सांगता आलं असतं. अक्षताने आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "बेकरीतले नाहीत. सम्यकने केलेत, तिसऱ्या मजल्यावरच्या. जयाकाकूंच्या ओव्हनमध्ये. मी पाच रविवार तिथेच जात होते."

कुणी काही वाईट बोललं नाही. मांजरेकर काकूंनी हातातला अर्धा पफ बशीत ठेवला आणि बशी खुर्चीखाली सरकवली. आणखी दोघी-तिघींच्या बशा टेबलावर परत गेल्या. एका सिस्टरने मुद्दाम आणखी दोन उचलले आणि मोठ्याने त्यांची तारीफ केली, त्याने उलट सगळं जास्तच अवघड झालं. सुनंदा आत स्वयंपाकघरात निघून गेली. अक्षता मागोमाग गेली.

सुनंदा नळाखाली हात धूत होती, स्वच्छ हात पुन्हा पुन्हा.

"माझ्या दिवशीच सुचलं तुला," ती म्हणाली. "आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ठेवू दिले असतेस टेबलावर?"

सुनंदाने नळ बंद केला. "नाही," ती म्हणाली. मग पदराला हात पुसत, लेकीकडे न बघता म्हणाली, "पफ शिकायला पाच रविवार लागत नाहीत, अक्षता."

"नाही लागत."

"म्हणजे?"

"प्रेम आहे माझं त्याच्यावर. त्याला बोलवायला चाललेय मी."

सुनंदा ओट्याला टेकून उभी राहिली. अचानक तिचं वय दिसायला लागलं. जा म्हणाली नाही, जाऊ नकोस म्हणाली नाही. बाहेर माणसांनी चपला शोधायला सुरुवात केली होती. अक्षता त्या गर्दीतून वाट काढत दाराकडे निघाली, तसं नंदकुमारनी मालवणीत विचारलं, "खंय चललंस गो?"

"पाव्हणो आणूक," ती म्हणाली.

सम्यकने दार उघडलं तेव्हा त्याच्या हातांना ट्रेचा साबण होता. तिने सगळं सांगितलं. कोण खाता खाता थांबलं, कोण उठलं, आणि आधी कळलं असतं तर पफ टेबलावर ठेवू दिले नसते असं आई म्हणाली तेही. काही लपवलं नाही, काही गोड केलं नाही.

"मग तू का आलीस वर?"

"पार्टी आहे आमच्याकडे. तू यायचंस. हे मी मागच्या रविवारी म्हणायला हवं होतं, त्याच्याही आधीच्या रविवारी, आणि..."

"खाली कोण उरलं असेल आता?"

"आई आहे."

"तेच तर." त्याने हात पुसले, मग पुसलेलेच पुन्हा पुसले. "भीती वाटते मला, अक्षता. खोटं नाही सांगत. आई हसण्यावारी न्यायची, मला नाही नेता येत. तुझ्या आईने चेहरा फिरवला तर मी तुझ्याकडेही नीट बघू शकणार नाही पुन्हा."

"मलाही भीती वाटते," ती म्हणाली. "शर्ट बदल. मी थांबते."

तो आत गेला. ती दारातच उभी राहिली. तो निळा शर्ट घालून आला, बाह्यांची बटणं लावायचं विसरून. एक तिने लावलं, एक त्याने. जिना उतरताना तिने त्याचा हात धरला. दुसऱ्या मजल्यावर मांजरेकर काकू कुलूप उघडत होत्या. त्यांनी पाहिलं, नीट पाहिलं. त्याचा हात सुटायला लागला, तो अक्षताने घट्ट धरून ठेवला.

दार नंदकुमारनी उघडलं. सम्यककडे, मग दोघांच्या हातांकडे बघून त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "येवा." खोली रिकामी झाली होती. खुर्च्या वेड्यावाकड्या, टेबलावर तीसेक पफ तसेच. सुनंदा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. सम्यक उंबरठ्याच्या आत एक पाऊल टाकून थांबला.

"काकू, निवृत्तीच्या शुभेच्छा," तो म्हणाला.

सुनंदाने त्याच्याकडे पाहिलं. चेहरा फिरवला नाही, पण तो मऊही झाला नाही.

"मघाशी दोन खाल्ले मी," ती म्हणाली. "छान झाले होते. आता मगापासून एक हातात घेऊन बसलेय, तोंडात जात नाही. का, ते मला सांगता येणार नाही. तेच पफ आहेत ना... पण नाही जात. तुला खरं सांगितलं."

अक्षताला वाटलं, झालं, संपलं. तिने सम्यककडे पाहिलं. त्याचा जबडा घट्ट झाला होता, डोळे भरले होते. तो जाईल असं तिला वाटलं, आणि तो गेला असता तर तिने त्याला दोष दिला नसता.

"बरं, काकू," तो शेवटी म्हणाला. "मग मी बसू, का जाऊ?"

पंखा फिरत होता. नंदकुमार हातात रिकामा ग्लास घेऊन उभे होते. सुनंदाने हातातला पफ बशीत ठेवला आणि साडीवरचे चुरे झटकले, एकेक करून.

"बस," ती म्हणाली.

तो बसला. अक्षताने दुसरी खुर्ची ओढली, त्याच्या खुर्चीला अगदी चिकटून ठेवली, आणि आईच्या समोर त्याचा हात हातात घेऊन बसली. सुनंदाने दोघांच्या हातांकडे पाहिलं. ती उठून आत गेली नाही.